कैलास आणि मानस : कथा, श्रद्धा व भूगोल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कैलास-मानससरोवराची यात्रा २०२० सालापासून पाच वर्षे बंद होती, ती २०२५ च्या जून महिन्यात पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून आपल्या सभासद-कुटुंबांतून या यात्रेविषयी वारंवार पृच्छा होत आहे, आणि मंडळाने यात्रेकरूंस काही द्रव्यसाहाय्य द्यावे अशीही सूचना आली आहे. त्या निमित्ताने या तीर्थाविषयी चार शब्द सांगावेत अशी मला आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत भूगोल व मराठी शिकवून निवृत्त झालेला मनुष्य आहे. कैलासयात्रा मला घडलेली नाही. पुराणे थोडीबहुत वाचली आहेत आणि नकाशे मात्र पुष्कळ पाहिले आहेत. एवढ्या भांडवलावर जे बोलता येईल ते बोलतो.

मराठी माणसाला कैलास प्रथम भेटतो तो पर्वत म्हणून नव्हे, अक्षर म्हणून. आपल्या या स्मरणिकेत श्रद्धांजलीचे पान उघडा. प्रत्येक नावामागे ‘कै.’ लागलेले दिसेल. मनुष्य निवर्तला की तो कैलासवासी झाला, असे आपण विनाशंका छापतो. वारकरी घराण्यांत ‘वै.’ लिहितात, म्हणजे त्यांचा मुक्काम वैकुंठी. पती असा कैलासी गेला की मागे राहिलेल्या पत्नीच्या नावामागे ‘गं. भा.’, म्हणजे गंगा-भागीरथी, लावण्याची चाल होती. ती आता बरीचशी मोडली आहे आणि मोडली हे उत्तमच झाले. स्त्रीचे नाव तिच्या पतीच्या मृत्यूची पाटी होऊ नये. परंतु या दोन संक्षेपांत एक संपूर्ण पुराण साठवलेले होते: शंकराचे निवासस्थान एका नावात आणि त्याच्या जटेतून उतरलेली नदी दुसऱ्या नावात. नंतर श्रावणात शिवलीलामृताचे वाचन ऐकताना कैलास पुन्हा भेटतो, शाळेच्या सहलीत वेरूळला भेटतो, आणि तिबेटातील खरा पर्वत आपल्याला भेटतो तो सर्वांत शेवटी, भूगोलाच्या पुस्तकात.

त्या खऱ्या पर्वताचे वर्णन थोडक्यात करतो. कैलास हा मुख्य हिमालयाच्या रांगेत नाही. हिमालय ओलांडून पलीकडे, तिबेटच्या पश्चिम भागात, गांगदिसे नावाची दुसरी रांग आहे, तिच्यात तो उभा आहे. उंची सुमारे ६,६०० मीटर. म्हणजे एव्हरेस्टपेक्षा सव्वादोन हजार मीटरांनी कमी. त्याच्या दक्षिणेस, सरोवराच्या पलीकडील गुर्ला मांधाता हे शिखरच ७,६९४ मीटरांचे आहे. तरीही पूज्यता कैलासाकडे गेली, याचे कारण त्याचा आकार. चार बाजूंनी तासल्यासारखे कडे, वर बर्फाचा घुमट, सभोवार मोकळे पठार आणि जवळपास त्याच्या तोडीचे कोणी नाही. दक्षिणेच्या कड्यावर आडव्या थरांना छेदणारी एक उभी घळ आहे. कोणास ती जिना वाटते, कोणास स्वस्तिक. हा खडक ज्वालामुखीचा नव्हे, एकसंध कातळही नव्हे. प्राचीन नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचा व वाळूचा घट्ट होऊन झालेला तो थर आहे. ज्या पर्वतास आपण नद्यांचा पिता मानतो तो पर्वत मुळात नद्यांनी घडवलेला आहे, ही गोष्ट मला कोणत्याही पुराणकथेइतकीच अद्भुत वाटते.

पर्वताच्या पायथ्याकडे, दक्षिणेस, दोन सरोवरे शेजारी शेजारी आहेत. पूर्वेचे मानस, पश्चिमेचे राक्षसताल. मानस सुमारे ४,५९० मीटर उंचीवर असून त्याचा विस्तार चारशे चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. पाणी गोडे आहे, आणि हिवाळ्यात सारे सरोवर गोठते.

मानस हे नाव का पडले? वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात एक प्रसंग आहे. विश्वामित्र ऋषी राम-लक्ष्मणांना नावेतून गंगापार नेत असता मध्यप्रवाहात पाण्याचा मोठा घोष ऐकू येतो. राम विचारतो, हा आवाज कसला? ऋषी सांगतात, कैलास पर्वतावर ब्रह्मदेवाने आपल्या मनाने एक सरोवर निर्माण केले, म्हणून ते मानस. त्या सरोवरातून निघाली म्हणून ही सरयू. ती येथे गंगेस मिळते, त्याचा हा नाद आहे. मुलाने प्रश्न विचारावा आणि गुरूने नदीच्या मुखापाशी उभे राहून तिचा उगम सांगावा, याहून चांगला भूगोलाचा तास मी तरी कोठे वाचला नाही.

आता नकाशा पाहा. मांधात्याच्या बाजूच्या खोऱ्यातून कर्णाली निघते, नेपाळातून खाली उतरते, भारतात तिला घाघरा म्हणतात, आणि अयोध्येपाशी तीच शरयू म्हणून वाहते. सरोवरातून तिचा प्रवाह प्रत्यक्ष निघत नाही हे खरे, पण ती त्याच टापूतली आहे. रामायणकाराने हे कसे जाणले? यात गूढ शोधण्याचे कारण नाही. कुमाऊँच्या खिंडींतून मीठ, लोकर आणि धान्य यांची ने-आण करणारे व्यापारी शतकानुशतके तेथे जात असत. साधू जात असत. त्यांच्या तोंडची वार्ता ऋषींच्या तोंडी आली. स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या मानसखंडात तर कूर्माचलातून, म्हणजे आजच्या कुमाऊँतून, मानसास जाण्याची वाटच वर्णिली आहे. पुराण हे पुष्कळदा पायी चाललेल्या माणसांचे प्रवासवर्णन असते. आपण ते फक्त देव्हाऱ्यासमोर वाचतो, म्हणून ते ध्यानात येत नाही.

चार नद्यांची गोष्टही अशीच. विष्णुपुराणात गंगा मेरूवर उतरून सीता, अलकनंदा, चक्षु आणि भद्रा अशा चार प्रवाहांनी चार दिशांस जाते. तिबेटी लोक म्हणतात, कैलासाच्या चार बाजूंस चार मुखे आहेत: सिंहमुख, गजमुख, अश्वमुख व मयूरमुख. सिंहमुखातून सिंधू, गजमुखातून सतलज, अश्वमुखातून ब्रह्मपुत्रा आणि मयूरमुखातून कर्णाली. मुखे सोडून द्या; परंतु या चारही महानद्यांचे उगम त्या एकाच टापूत आहेत, हे आज कोणताही नकाशा दाखवील. एका प्रदेशातून निघालेले पाणी एकीकडे सिंधमार्गे अरबी समुद्रास मिळते आणि दुसरीकडे आसामातून बंगालच्या उपसागरास. आरंभीच्या माणसाने त्या जागेस जगाचा नाभी म्हटले, तर त्यास भोळा म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

गंगा मात्र तेथे उगम पावत नाही. ती हिमालयाच्या अलीकडे, गोमुखास, गंगोत्रीच्या हिमनदीतून निघते. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी ‘गंगेचा उगम कैलासावर, शंकराच्या जटेतून’ असे उत्तर लिही. मी त्यास निम्मे गुण देत असे, आणि उरलेल्या निम्म्यांसाठी नकाशावर गोमुख दाखवावयास लावीत असे. त्याच्या घरून कधी तक्रार आली नाही.

गंगेच्या या समजुतीपायी काही शोधही लागले. १८१२ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अश्ववैद्य मूरक्रॉफ्ट हा हिअर्सी नामक सोबत्यासह गोसाव्याच्या वेषात मानसाच्या तीरी पोहोचला. सरोवरातून एखादी नदी बाहेर पडते काय, हे पाहण्यासाठी तो काठाने हिंडला आणि काहीच सापडले नाही म्हणून परतला. पुढे १८४६ साली हेन्री स्ट्रेची याला मानसातून राक्षसतालाकडे जाणारा वाहता ओढा दिसला. दोघेही खरे बोलत होते. या ओढ्यास गंगा छू म्हणतात; तिबेटी भाषेत छू म्हणजे पाणी. सरोवराची पातळी वाढली की तो वाहतो, उतरली की कोरडा पडतो. तेथील लोकांची समजूत अशी की, दोन सुवर्णमत्स्य भांडत भांडत मानसातून राक्षसतालात गेले, त्यांच्या वाटेने हा ओढा झाला; आणि तो वाहू लागला की काळ चांगला येतो. पाऊस-बर्फ भरपूर झाल्यावाचून तो वाहत नाही आणि पठारावरील मेंढपाळाचा चांगला काळ म्हणजे भरपूर गवत. तेव्हा समजूत निराधार म्हणता येत नाही.

१९०७ साली स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने मानसात होडी घातली, तेव्हा सरोवरातील देव होडी ओढून नेईल असे लोकांनी त्यास बजावले होते. त्याने दोरी सोडून खोली मोजली. ती सुमारे ८० मीटर भरली. आपल्याकडील स्वामी प्रणवानंद हे संन्यासी १९३६-३७ चा संपूर्ण हिवाळा तेथे राहिले आणि सरोवर कसे गोठते, कसे फुटते, याची टिपणे त्यांनी ठेवली. भगवी वस्त्रे अंगावर असताना हातात मोजपट्टी घेण्यास त्यांना संकोच वाटला नाही, म्हणून त्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो.

मानसाबरोबर हंस येतोच. कालिदासाच्या मेघदूतात, रामगिरीवरून निघालेल्या मेघाबरोबर कमळाच्या देठांची शिदोरी घेतलेले राजहंस कैलासापर्यंत जातात. रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक, असे पुष्कळ विद्वान मानतात. तसे असल्यास ही वाट आपल्याच अंगणातून निघते. मानसात सुवर्णकमळे नाहीत. एवढ्या उंचीवर व थंडीत कमळ धरत नाही. मोती टिपणारे हंसही नाहीत. परंतु पट्टकादंब नावाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसजातीचा पक्षी उन्हाळ्यात तिबेटच्या सरोवरांवर पिले वाढवतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून हिंदुस्थानात उतरतो. उजनीच्या पाण्यावर भिगवणपाशी आणि पैठणच्या नाथसागरावर तो दिसतो. पावसाळ्याच्या तोंडी हंस मानसास परततात, हे कवींचे म्हणणे पक्षिशास्त्रास फारसे सोडून नाही.

आता ज्या कथेने कैलास महाराष्ट्रात आणला तिच्याकडे येतो. रावण पुष्पकातून जात असता कैलासापाशी विमान अडले. संतापून त्याने वीस हातांनी पर्वतच उचलला. वर पार्वती भ्याली. शंकराने पायाचा अंगठा किंचित दाबला आणि रावण खाली चिरडला गेला. मग तो दीर्घकाळ स्तुती करीत राहिला, तेव्हा त्याची सुटका झाली. ही कथा वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, दक्षिणेच्या बाजूस, खाली कोरली आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरीत आणून अखंड पाषाणाचा हा कैलास करविला. त्याच घराण्याच्या वडोदरा येथील ताम्रपटात म्हटले आहे की, हे देवालय पाहून विमानातून जाणारे देव चकित झाले आणि स्वतः शिल्पीही, हे आपल्या हातून कसे घडले, म्हणून विस्मित झाला. घारापुरीलाही हाच प्रसंग आहे, पण तो फार भंगला आहे. वेरूळचा रावण पाहावा: सारे बळ त्याच्या खांद्यांत आहे, आणि वर शंकर मात्र निवांत बसला आहे. पार्वती त्याच्या दंडास धरून सरकते आहे व एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. त्या पळणाऱ्या दासीमुळे पर्वत खरोखर हलल्याचा भास होतो.

जैन बांधवांच्या परंपरेत या पर्वताचे नाव अष्टापद असून प्रथम तीर्थंकर ऋषभदेव यांचे निर्वाण तेथे झाले असे ते मानतात. त्यांच्या रामकथेतही रावण पर्वत उचलतो. मात्र अंगठा दाबणारा शंकर नसून तेथे तप करीत असलेला वाली मुनी असतो. गर्व तोच, अंगठाही तोच, दैवत मात्र निराळे. दुसरी एक जैन कथा अशी की, ज्या अष्टापदावर मोठमोठे तपस्वी चढू शकले नाहीत तेथे गौतमस्वामी सूर्यकिरणांचा आधार घेऊन पोहोचले.

हे वाचल्यावर मला तिबेटातील कथा आठवते. अकराव्या-बाराव्या शतकांत होऊन गेलेला बौद्ध सिद्धकवी मिलारेपा आणि बोन या जुन्या धर्माचा नारो बोनचुंग यांच्यात, पर्वत कोणाचा, यावरून पैज लागली. पौर्णिमेच्या पहाटे जो प्रथम माथा गाठील त्याचा पर्वत. बोनचुंग आपल्या ढोलावर बसून आकाशमार्गाने निघाला. मिलारेपा स्वस्थ निजून राहिला. सूर्य उगवताच पहिल्या किरणावर स्वार होऊन तो क्षणात माथ्यावर गेला. बोनचुंग दचकून पडला, त्याचा ढोल गडगडत खाली आला, आणि दक्षिणेच्या कड्यावरची ती उभी घळ त्या ढोलाची खूण होय. कथा येथे संपती तर ती विजेत्यांच्या इतर कथांसारखीच झाली असती. पण हरलेल्याने विनविले, निदान या पर्वताचे दर्शन होत राहील अशी जागा दे. तेव्हा मिलारेपाने मूठभर बर्फ शेजारच्या डोंगरावर टाकून तो डोंगर त्यास दिला. आजही बौद्ध व हिंदू यात्रेकरू पर्वतास उजवी घालून प्रदक्षिणा करतात आणि बोन यात्रेकरू उलट्या दिशेने. त्यामुळे एकाच वाटेवर ते एकमेकांस समोरासमोर भेटतात. चार धर्मांची माणसे एका पर्वतास आपला म्हणतात आणि तरी त्यावर कोणाचे एक देवालय नाही. मला तर वाटते, देवालय नाही म्हणूनच हे टिकले.

माथ्यावर आजवर कोणी चढल्याची नोंद नाही. रेनहोल्ड मेस्नर या थोर गिर्यारोहकास १९८० च्या दशकात परवानगी मिळत असता त्याने ती घेतली नाही, आणि २००१ साली एका स्पॅनिश पथकाच्या बेतास जगभरातून विरोध झाल्यावर चिनी शासनाने बंदी जाहीर केली. येथे पूजा ती चढण्याची नव्हे, भोवती फिरण्याची. परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरांची असून तिच्यात डोल्मा ही ५,६३० मीटरांची खिंड चढावी लागते. काही तिबेटी भाविक ती दंडवत घालीत करतात. एका परिक्रमेने या जन्मीचे पाप धुतले जाते, एकशे आठ झाल्या की निर्वाण, आणि अश्ववर्षात केलेली एक परिक्रमा बारा-तेरांच्या बरोबरीची, अशी गणिते आहेत. २०२६ हे तिबेटी अश्ववर्ष आहे. पुण्याची ही बेरीज मला रुचत नाही. पण बारा वर्षांतून एकदा माणसे ठरवून एकत्र यावीत याचा उपयोग आपणांस कुंभमेळ्यावरून ठाऊक आहे.

राक्षसतालाविषयी एवढेच सांगतो की, रावणाने तेथे तप केले अशी कथा असून त्याचे पाणी मचूळ आहे, म्हणून यात्रेकरू तेथे स्नान करीत नाहीत. तिबेटी लोक मानसास सूर्याच्या आणि त्यास चंद्रकोरीच्या आकाराचे म्हणतात. दोन्ही मिळून पूर्ण. ही कल्पना आपल्या कल्पनेपेक्षा उदार आहे.

आता मला जे खरोखर सांगावयाचे आहे ते सांगतो. डोल्मा खिंडीच्या चढावर शिवस्थल म्हणून एक जागा आहे. तेथे यात्रेकरू अंगावरील एखादे वस्त्र वा केसांची बट ठेवून पुढे जातो. म्हणजे जुना देह टाकला, आता नवा. ही खूण मोठी अर्थपूर्ण आहे. परंतु तिचा शब्दशः अर्थ करणारी मंडळी आपल्यातही आहेत. ‘तेथेच देह पडला तर सोन्याहून पिवळे, मागाहून कै. लावण्याचीही गरज नाही’, असे एका वयोवृद्ध सभासदांनी मला हसत हसत सांगितले. मी हसलो नाही. त्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. श्वासागणिक प्राणवायू निम्माच मिळतो. डोके दुखणे, उलट्या, झोप न येणे ही पहिली लक्षणे. ती अंगावर काढून वर चढत राहिल्यास फुप्फुसांत वा मेंदूत पाणी साचते आणि मनुष्य एक-दोन दिवसांत दगावतो. त्यावर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. ज्याची अशी श्रद्धा आहे की येथील मरण म्हणजे मोक्ष, तो लक्षणे लपवतो आणि उतरत नाही. त्याच्या पाठीमागे मात्र सोबत्यांची यात्रा खोळंबते, परक्या देशातून पार्थिव आणण्याचे दिव्य मुलाबाळांवर येते. शंकराने तर रावणाससुद्धा चिरडून ठेवले नाही, सोडून दिले. तो आपल्या भक्ताचा श्वास कोंडून प्रसन्न होईल, हे मला कोणत्याही पुराणात आढळलेले नाही.

वाटेचे संकटही निराळे असते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये काली नदीच्या खोऱ्यात मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यात साठएक यात्रेकरू होते, नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यांपैकीच. हे दैवाधीन म्हणावे. प्रकृतीची परीक्षा न करता जाणे दैवाधीन नव्हे.

राजकारणानेही ही वाट अनेकदा बंद केली आहे. १९५४ च्या भारत-चीन करारात यात्रेकरूंच्या वाटांचा उल्लेख होता. १९६२ मध्ये करार संपला, युद्ध झाले, आणि १९८१ पर्यंत यात्रा बंद राहिली. मग लिपुलेख खिंडीतून ती सुरू झाली, २०१५ मध्ये सिक्कीममधील नाथू ला उघडली, २०१७ मध्ये सीमेवरील तंट्यामुळे ती अडली, आणि २०२० नंतरचे आपणांस ठाऊक आहे. २०२५ साली शासनामार्फत दोन्ही वाटांनी मिळून ७५० जणांची सोय होती. शासकीय यात्रेस वय १८ ते ७० असावे लागते, वजन उंचीच्या मानाने बेताचे असावे लागते, आणि दिल्लीत व पुढे वाटेवरही वैद्यकीय तपासणी होते. तीत नापास झालेल्यास परत पाठवतात. कित्येकांना याचा राग येतो. खासगी प्रवासी संस्था नेपाळमार्गे नेतात. तेथे तपासणी तितक्याच कसोशीने होईल अशी खात्री नसते, आणि विमानाने व मोटारीने झटपट उंची गाठल्यामुळे शरीरास विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी नम्र सूचना अशी आहे की, यात्रेसाठी साहाय्य द्यावयाचे ठरल्यास त्यातील पहिला रुपया हृदय व फुप्फुसे यांच्या तपासणीसाठी द्यावा, आणि तपासणीत अपात्र ठरलेल्या सभासदाचे साहाय्य रद्द न करता ते त्याच्या कुटुंबाच्या वेरूळयात्रेसाठी वळवावे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसएक किलोमीटरांवर आहे, घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंगही लागूनच आहे. कैलास लेण्याचे अंगण सपाट असल्याने वृद्धांनाही तेथे सावकाश फिरता येते. रावणाचे शिल्प पाहावयाचे असेल तर दक्षिणेच्या बाजूने जावे. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढे मात्र सहलीचा दिवस ठरवताना चिटणीसांनी ध्यानात ठेवावे.